वीस गाद्या आणि एक खड्डा

१

गादीशेठच्या गोदामातून एक गादी गेली असती तर गल्लीत कुणी मान वळवून पाहिलं नसतं. पण गेल्या त्या वीस, आणि त्याही एका रात्रीत. दुहेरी स्प्रिंगच्या, वीतभर जाड, दुकानातल्या सगळ्यांत महागड्या. सकाळी शेठनं फुटलेलं कुलूप पाहिलं, उघडं दार पाहिलं आणि उंबऱ्यातच बसकण मारून असा गळा काढला की शेजारपाजारच्यांना वाटलं, घरातलं कुणी तरी गेलं. दोघी बायका तर रडायच्या तयारीनंच आल्या. गाद्या गेल्यात हे कळल्यावर त्यांची मोठी निराशा झाली.

तपासाला आला उपाशी फौजदार.

हे नाव कसं पडलं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल बिचाऱ्याला घरी जेवायला मिळत नव्हतं. पोलीस ठाण्यात खाणारे पुष्कळ. कुणी चवीपुरतं खायचा, कुणी ताट चाटूनपुसून खायचा. हा एकटाच असा निघाला की नोकरीला लागल्यापासून कुणाचा फुकटचा चहासुद्धा प्यायला नाही. म्हणून बाकीच्यांनी त्याला उपाशी म्हणायला सुरुवात केली. समोर 'साहेब' आणि पाठ फिरली की 'उपाशी'. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातल्या मनात त्याचा अभिमानही होता. पण खरं बोलायचं तर आजवर त्याच्यापुढे चहापेक्षा मोठं काही कुणी ठेवलंच नव्हतं. चहाला नको म्हणायला फारशी छाती लागत नाही.

"गाद्या कुठे होत्या?" फौजदारानं विचारलं.

"त्या कोपऱ्यात, साहेब!" शेठनं नाक पुसलं. "भिंतीला टेकवून, एकीला एक लागून. काल संध्याकाळी स्वतःच्या हातानं थोपटून गेलो मी. पोटच्या पोरांसारख्या होत्या हो!"

फौजदार ऐटीत कोपऱ्याकडे गेला आणि त्याच्या तोंडावर काही तरी चिकट येऊन बसलं. कोळ्याचं जाळं. खांबापासून भिंतीपर्यंत चांगलं ऐसपैस विणलेलं. अर्धं मिशीत गेलं, अर्धं तोंडात. तो थू थू करत मागे सरला.

"साहेब, एक तर सापडला," हवालदार गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "मिशीतून चाललाय बघा."

कोळ्याला मुक्त केल्यावर वॉचमनला पुढे बोलावलं. साठीचा, वाळका, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. सगळी गल्ली त्याला घुबड म्हणायची.

"रात्री झोपला होतात ना?" फौजदारानं सरळच विचारलं.

"नाही साहेब. रात्रभर जागा होतो."

यावर हवालदार इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "साहेब, तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी प्रत्येक वॉचमनकडून ऐकलंय!"

"ते खोटं बोलत असतील, मी कशाला बोलू?" घुबड दुखावला. "मला निद्रानाश आहे. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, तळपायांना तेल लावून झालं. डोळ्याला डोळा लागत नाही. शेवटी म्हटलं, जागायचंच आहे तर निदान पगार घेऊन जागावं."

"मग गाद्या गेल्या कशा?"

"गेल्याच नाहीत."

"म्हणजे?"

"आतलं मला माहीत नाही, किल्ली शेठकडे असते. मी बाहेरचं बघतो. या दारातून काल रात्री एक उशीसुद्धा बाहेर आली नाही."

"मग हे कुलूप कुणी फोडलं?"

घुबडानं मान खाली घातली. "ते ऐकू आलं नाही. पहाटे बेकरीवाल्याशी गल्लीच्या तोंडाशी बोलत उभा होतो, तेवढ्यात झालं असेल. पण तिथूनच तर जाण्यायेण्याचा रस्ता आहे, साहेब. गादी माझ्या अंगावरूनच न्यावी लागली असती."

"ऐका!" शेठ कडाडला. "गाद्या गेल्या नाहीत म्हणे! हाच सामील आहे, साहेब. याला आत टाका."

मग शेठनं फौजदाराला खांद्याला धरून बाजूला घेतलं. रडण्याचा मागमूस नाहीसा झाला होता.

"साहेब, एक विचारू? तुमच्या आईंची पाठ कशी आहे आता?"

फौजदार चपापला. आईच्या पाठीबद्दल त्यानं या माणसाला कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

२

बेकरीवाल्याची जबानी पाच मिनिटांत झाली. रात्रभर तो गल्लीच्या तोंडाशीच भट्टीवर असतो.

"घुबड झोपलेला?" तो कणीक आपटत म्हणाला. "झोपला असता तर उपकार झाले असते हो. दर थोड्या वेळानं येतो आणि डोकं खातो. काल जावयाची गोष्ट सांगत होता. मी दोनदा म्हटलं, बाबा, पाव करपतोय. ऐकतोय कुठे!"

"एखादा टेम्पो? माणसं? आवाज?"

"इथे मांजर गेलं तरी मला दिसतं. गल्ली बघा केवढीशी आहे."

हे सगळं घेऊन फौजदार मोठ्या साहेबांपुढे उभा राहिला. मोठे साहेब नावाप्रमाणेच मोठे होते. खुर्ची त्यांना सगळ्या बाजूंनी अपुरी पडायची. खोलीत निलगिरीच्या बामाचा घमघमाट सुटला होता आणि साहेब एक हात कमरेवर दाबून बसले होते.

"अहो फौजदार, सोपी केस आहे. अज्ञात चोरटे, वॉचमन सामील. लिहा आणि मोकळे व्हा. विमा कंपनीच्या बाई येत्या सोमवारी अहवाल न्यायला येणार आहेत. शेठ सज्जन माणूस आहे."

"पण साहेब, बेकरीवाला म्हणतो..."

"बेकरीवाला त्याचा दोस्त आहे. आई गं!" हे शेवटचं पाठीला उद्देशून होतं. "मऊ गादीनं वाट लावली हो माझ्या पाठीची. डॉक्टरांनी आता नुसत्या फळीवर झोपायला सांगितलंय. या वयात फळी! तुम्ही अजून उभेच? जा, त्या म्हाताऱ्याला आत घ्या."

घुबडाला चौकशीसाठी ठाण्यात बसवलं. तो निमूट आला. फक्त कोठडीच्या दाराशी थांबून म्हणाला, "साहेब, मारझोडीला मी भीत नाही. पण एकदा चोरीचा शिक्का बसला की राखणदाराला कुणी उंबऱ्याशी उभं करत नाही. रात्री घरी बसून मी काय करू? छत बघू?"

 संध्याकाळी फौजदार घरी निघाला आणि क्वार्टरच्या वळणावर त्याचे पाय थबकले. अख्खी इमारत खाली उतरून वर बघत होती. तिसऱ्या मजल्यावर, त्याच्याच गॅलरीसमोर, एक भलीमोठी गादी दोराला लटकून हवेत गोल गोल फिरत होती.

३

"डावीकडे घ्या!" तळमजल्यावरचे आजोबा ओरडत होते.

"उजवीकडे, उजवीकडे! त्यांना काही कळत नाही!" आजी ओरडत होत्या.

वर दोन हमाल, खाली दोन हमाल, दोर कठड्यावरून करकरतोय, पहिल्या मजल्यावरचं कुत्रं जीव तोडून भुंकतंय, मुलं टाळ्या वाजवताहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची घागरीएवढी फुलकुंडी गादीच्या धक्क्यानं खाली आली आणि त्या बाईंनी हमालांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"थांबा! काय चाललंय हे?" फौजदार धावला.

"गादी चढवतोय साहेब," खालचा हमाल शांतपणे म्हणाला. "जिन्यानं जात नाही. वळणावर अडकून बसते. वाकत नाही ना ही, दुमडत नाही. सरकारी क्वार्टरचे जिने सगळे मेले असेच. म्हणून आम्ही दोर सोबतच ठेवतो. चार माणसं आणि तासभर तरी पाहिजेच हिला."

फौजदार तीन मजले चढून धापा टाकत घरात शिरला तोवर गादी आत आली होती आणि बायको कठड्याकडे बघून कपाळाला हात लावून उभी होती.

"अहो, बघा हो! गेल्याच महिन्यात हिरवा रंग मारून घेतला होता. दोरानं दोन जागी पार लोखंड दिसेस्तोवर खरवडला!"

"ही गादी कुणी मागवली?"

"शेठच्या दुकानातून आलीय. आठवडाभर वापरून बघा म्हणे, आवडली तर ठेवा, नाहीतर परत. त्यांच्या दुकानाची पद्धतच आहे, सगळ्यांसाठी आहे. मी आधी विचारलं हो."

"अगं, ती लाच आहे!"

"लाच अशी इमारतभर आरडाओरडा करत येते होय?" बायको म्हणाली. मुद्दा बिनतोड होता.

"आत्ताच्या आत्ता परत पाठवतो," असं म्हणत तो आतल्या खोलीत गेला आणि दारातच उभा राहिला.

आई गादीवर झोपली होती. नुसती आडवी झाली नव्हती, झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात गालाखाली. वर्षभर त्या बाईनं एक रात्र सलग काढली नव्हती. चटईवर कूस बदलताना ती तोंडात पदर धरायची, मुलाला आवाज जाऊ नये म्हणून, आणि तरी त्याला तो रोज ऐकू यायचा. त्याच्या पगारात अशी गादी यायला त्याला निवृत्त व्हावं लागलं असतं. तो तिथेच बसला आणि त्याचे डोळे भरून आले. गादी परत पाठवायची तर आधी आईला उठवायला हवं होतं, आणि ते त्याच्याच्यानं होईना.

"आठवडाच तर आहे," तो बायकोला हळूच म्हणाला. "दुकानाची पद्धतच आहे ना."

अशी माणसाची सुरुवात होते. बायकोनं मान डोलावली आणि त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

४

पुढचे काही दिवस आई उड्या मारायची तेवढी बाकी होती. स्वयंपाकघरात फेऱ्या घालू लागली, सुनेच्या भाजीत मीठ कमी आहे हे पुन्हा सांगू लागली. घर पूर्वपदावर आलं.

झोप उडाली ती फौजदाराची. बाहेरच्या खोलीत चटईवर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राही. स्वतःशीच वकिली करी. लाच कशी? मी मागितली का? नाही. ठेवून घेणार आहे का? आठवडा झाला की बघू. आणि शेठचं काम मी करतोय का? मोठ्या साहेबांनीच सांगितलंय. अशी सगळी उत्तरं जमली की घुबडाचा चेहरा समोर यायचा आणि सगळी वकिली पहिल्यापासून सुरू करावी लागायची.

घुबड कोठडीच्या गजांआडून त्याच्याकडे बारकाईनं बघायचा.

"साहेब, तुम्हीही झोपत नाही वाटतं."

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. धंद्यातला माणूस ओळखू येतो, एवढंच. लिंबाचं सरबत घेऊन बघा. मला उपयोग झाला नाही, पण तुम्ही नवीन आहात."

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी विम्याच्या बाई येणार. फौजदारानं अहवाल लिहून काढला, अज्ञात चोरटे, वॉचमन सामील, सगळं जसंच्या तसं. सही तेवढी राहिली होती. तेवढ्यात आई चहाचा कप घेऊन आली.

"गादी झकास आहे रे. एकच आहे, हिला खड्डा आहे."

"खड्डा?"

"मधोमध, डाव्या अंगाला. मी रोज घरंगळत जाते त्यात. कुणीतरी चांगला वजनदार माणूस बरेच दिवस झोपलाय हिच्यावर. आणि वास येतो बामाचा."

"तुझाच असेल."

"माझा बाम मला कळत नाही होय? माझा पुदिन्याचा. हा निलगिरीचा आहे, नाक झोंबतं."

फौजदार उठला, आत गेला, गादीवर हात फिरवला. खरंच खड्डा होता. ऐसपैस, खोल, एका दमदार माणसाच्या मापाचा. त्यानं चादर काढून नाक लावलं आणि शिंकला.

आधी त्याला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. इतकी वर्षं उपाशी राहिलेला माणूस! आयुष्यात पहिल्यांदा घसरला, आणि घसरला कशावर, तर कुणाच्या तरी वापरून टाकलेल्या गादीवर! मेल्या शेठनं मला कोरी गादीसुद्धा दिली नाही! तो स्वतःशीच पुटपुटत मुठी आवळू लागला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण लाच जुनी निघाल्याची तक्रार करतोय, आणि त्याला इतकी लाज वाटली की तो मटकन त्या खड्ड्यातच बसला.

अहवालावर मोठ्या साहेबांनाही सही करायची होती. त्यांनी तो बंगलेवजा कॉलनीतल्या घरी आणायला सांगितला होता. दुसऱ्या मजल्यावर ते राहायचे, खाली जलखात्याचे इंजिनियर. फौजदार फाटकाशी पोचला, बेल दाबायला हात वर केला आणि सहज त्याची नजर गॅलरीकडे गेली.

कठड्याचा रंग खरवडला होता. दोन जागी, हातभर अंतरावर, लोखंड दिसेस्तोवर. आणि शेजारी आणखी दोन जागी.

त्याचा हात बेलवरून खाली आला. त्यानं शेजारच्या घराकडे पाहिलं. परवाना अधिकाऱ्यांची गॅलरी. दोन खरवडे. पलीकडे बांधकाम खात्याचे साहेब. दोन खरवडे. खालच्या इंजिनियरांनी तर गादी खिडकीतून घेतलेली दिसत होती, चौकटीचा रंग गेला होता. फौजदार मान वर करून कॉलनीभर चालत सुटला. एका सायकलला धडकला, एका नळाला अडखळला.

"पतंग अडकलाय का?" कुणीतरी चौकशी केली.

"हो," फौजदार म्हणाला. "बरेच अडकलेत."

अहवालावर सही न करताच तो परत फिरला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "हमालांना बोलाव. गादी खाली उतरवायची आहे."

आई आतून ऐकत होती.  उठून तिनं आपली चटई झटकली.

५

सोमवारी सगळे गोदामात जमले. विम्याच्या बाई चष्म्यातून सगळ्यांकडे संशयानं बघत होत्या, तो त्यांचा व्यवसायच होता. शेठ हातात रुमाल घेऊन तयार होता. मोठे साहेब कमरेवर हात ठेवून उभे होते. घुबडाला हवालदारानं आणलं होतं. मधोमध जमिनीवर चादर घातलेलं काहीतरी आडवं पडलं होतं.

"फौजदार, अहवाल द्या आणि संपवा," मोठे साहेब कुरकुरले. "मला उभं राहवत नाही."

"देतो साहेब. आधी एक सांगतो." फौजदार पुढे आला. "शेठ म्हणतात, चोरीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत वीस गाद्या त्या कोपऱ्यात होत्या. सकाळी मी तिथे गेलो तेव्हा खांबापासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं होतं. माझ्या मिशीला विचारा. गाद्या जाळ्यातून कशा गेल्या?"

"रात्रीत विणलं असेल!" शेठ म्हणाला.

"एवढं? धुळीसकट? बरं, कोळ्याला सोडा. वीस गाद्या या गल्लीतून रात्री नेल्या म्हणता. एक गादी चढवायला चार हमाल आणि एक तास लागतो. कुत्री भुंकतात, कुंड्या पडतात, आजी-आजोबांचं भांडण होतं. ती दुमडत नाही, वाकत नाही. अशा वीस गेल्या, आणि बेकरीवाल्यालाही दिसल्या नाहीत, आणि जगातल्या एकमेव जाग्या वॉचमनलाही नाहीत?"

"गादी चढवायला काय लागतं ते तुम्हाला कसं माहीत?" विम्याच्या बाईंनी पटकन विचारलं.

 हवालदारानं जमिनीकडे पाहिलं.

"कारण माझ्या घरी एक चढवली होती," फौजदार म्हणाला. "शेठनं पाठवलेली. आठवडाभर वापरून बघायला. मी ती ठेवून घेतली. लाच होती आणि मला ते माहीत होतं. तरी ठेवून घेतली. अहवालात पहिलं नाव माझं आहे."

त्यानं चादर ओढली. शेठचा रुमाल खाली पडला.

"पण या गादीनंच मला शिकवलं. माझ्या कठड्याचा रंग दोरानं खरवडला. काल मी अधिकाऱ्यांच्या कॉलनीत गेलो. तशाच खुणा मी एकोणीस घरांवर मोजल्या. परवाना, पाणी, बांधकाम, एक खातं सुटलेलं नाही. शेठच्या वीस गाद्या कुणी चोरल्या नाहीत. त्या दिवसाढवळ्या, दोर लावून, एकेक करून 'वापरून बघायला' गेल्या आणि परत आल्या नाहीत. सगळ्या साहेबांना गादीवर झोपवून झाल्यावर शेठना वाटलं, आता यांची किंमत विम्याकडून वसूल करावी. घर गोदामालगतच, पहाटे स्वतःच कुलूप फोडलं. एकोणीस तिकडे. विसावी ही."

"काहीही काय!" मोठे साहेब गरजले. "खुणा दोराच्याच कशावरून? आणि ही गादी त्या वीसांतली कशावरून? नवीन मालातली असेल!" उभं राहून राहून त्यांची पाठ भरून आली होती. बोलता बोलता ते गादीच्या कडेवर टेकले, कण्हले, कोपरावर रेलले आणि सवयीनं थोडेसे डावीकडे सरकले. मग "अहाहा" म्हणून त्यांनी डोळे मिटले.

सगळे बघत राहिले. खड्डा आणि साहेब यांच्यात बोट शिरायलाही जागा नव्हती. खांद्याच्या जागी खांदा, पोटाच्या जागी पोट. निलगिरीचा वास तर दोघांचा एकच.

"साहेब," हवालदार न राहवून म्हणाला, "मापाची शिवून घेतली होती का?"

मोठ्या साहेबांनी डोळे उघडले. आपण कुठे आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं. उठायचा प्रयत्न केला, पण त्या खड्ड्यातून एकट्यानं उठणं सोपं नव्हतं.

"मी... मी तर माझी परत केली होती!" ते ओरडले. "डॉक्टरांनी फळी सांगितल्यावर लगेच! विचारा याला!"

"तुमचं घर मी त्या एकोणिसांत धरलंच नाही साहेब, तुमच्या कठड्यावर दोन जोड्या खुणा आहेत," फौजदार म्हणाला. "एक वर जातानाची, एक खाली येतानाची. तेव्हाच कळलं मला."

"तरी मी सांगत होतो!" शेठचा बांध फुटला, पण मोठ्या साहेबांवर. "मी म्हटलं ती फेकून देतो! हेच म्हणाले, वाया कशाला घालवता, आमच्या उपाशाकडे पाठवा, त्याची आई पाठीनं आजारी आहे!"

विम्याच्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "जरा सावकाश बोला," त्या म्हणाल्या. "मला सगळं लिहून घ्यायचंय." किती तरी वर्षांनी त्या इतक्या आनंदात दिसल्या असतील.

६

त्यानंतरचे दोन दिवस गावाला फुकट करमणूक झाली. एकोणीस गाद्या एकोणीस घरांमधून दोर लावून खाली उतरल्या आणि प्रत्येक घराखाली गर्दी. मुलांनी शाळा बुडवली. जलखात्याचे इंजिनियर शेवटपर्यंत म्हणत होते की गादी त्यांच्या सासूची आहे, आणि सासूबाई खिडकीतून ओरडून सांगत होत्या की नाही.

मोठ्या साहेबांना घरी बसवलं, शेठला आत. फौजदाराचीही चौकशी लागली, दोन वर्षांची पगारवाढ बंद झाली आणि नोंद झाली ती कायमची.

"साहेब, आता नाव बदलायला पाहिजे तुमचं," हवालदार म्हणाला. या वेळी तो पहिल्यांदाच तोंडावर बोलला. "उपास मोडलात ना."

"मोडला," फौजदार म्हणाला. "कबूल."

"मग उपाशीच राहू द्या. ज्याचा मोडतो तोच उपास खरा धरलेला असतो." असं म्हणून हवालदारानं स्वतःच्या पैशानं दोन चहा मागवले आणि फौजदार पहिल्यांदा दुसऱ्याच्या पैशाचा चहा प्यायला.

राहिला प्रश्न मुद्देमालाचा. वीस मऊ गाद्या ठाण्याच्या मागच्या खोलीत एकावर एक रचल्या होत्या आणि खटला चालायला वर्षं लागणार होती. पहिल्याच दुपारी तिथे तीन शिपाई घोरताना सापडले. गाद्यांच्या राखणीला जो नेमला तोही तासाभरात आडवा. शेवटी फौजदारानं वर लिहून कळवलं की या कामाला एकच लायक माणूस आहे. घुबड दुसऱ्या दिवसापासून वीस गाद्यांसमोर स्टुलावर ताठ बसू लागला. त्याच्या अंगावर ठाण्याचा बिल्ला होता आणि डोळे टक्क उघडे होते.

गादी खाली उतरवली त्या रविवारी रात्री आई पुन्हा चटईवर आली होती. फौजदारानं स्वतःचं अंथरूण दुहेरी करून तिच्या चटईखाली घातलं, बायकोनं पाठीला पुदिन्याचा बाम चोळला. यापलीकडे त्यांना करता येण्यासारखं काही नव्हतं. तो बाहेरच्या खोलीत नुसत्या जमिनीवर पडला आणि तिचा आवाज येतोय का ते ऐकू लागला. ऐकता ऐकता केव्हा डोळा लागला ते कळलंही नाही.

सकाळी दचकून जागा झाला तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. आई उशाशी बसून शेंगा सोलत होती. चेहरा ओढलेला, डोळे लाल.

"आई, झोप लागली का गं?" त्यानं अपराध्यासारखं विचारलं.

"कसली झोप! रात्रभर घोरत होतास. भिंती हलत होत्या नुसत्या."

"मग उठवायचंस ना मला."

आईनं एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. "त्या मऊ गादीवर मी झोपायचे ना, तेव्हा मध्येच जाग यायची. तर इकडे तुझं कूस बदलणं चालू. रोज. शेवटी शेवटी पाठ दुखायची थांबली होती रे, पण तेच ऐकत पडायचे." तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. हाताला शेंगांचा वास होता. "काल पाठ दुखत होती म्हणून जागीच होते. पण तू घोरत होतास. म्हटलं, चालेल."